तिचं वरीस कुठं घालायचं

पुढच्या महिन्यात माझ्या बायकोचं वरीस येतं, आणि ते कुठं घालायचं हे अजून ठरलेलं नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, इथं, गावात, आपल्या दारात. लेक मस्कतला असते. ती फोनवर म्हणते, "आबा, तुमी म्हणाल तसं." म्हणजे ओझं माझ्याच डोक्यावर. वरीस म्हणजे काय, भात शिजवायचा, पिंड ठेवायचा, चार माणसं जेवू घालायची. ते कुठंही होतं. पण ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात ते घालतात, आणि माझी बायको मेली तेव्हा ती कोणत्या घरची होती, हाच सवाल आहे.

गावातल्या लोकांचं म्हणणं सोपं आहे. म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि नवऱ्याला सोडून तिकडंच राहिली. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही. पाठीमागं बोलतात, आणि मला ऐकू कमी येतं असं समजून जरा मोठ्यानंच बोलतात.

वालूरच्या अलीकडं आमचं गाव. थोडी काळी जमीन आणि दावणीला म्हैस. लग्न होऊन आली तेव्हापासून ती म्हैस तिची. म्हणजे म्हशी बदलल्या, धार काढणारी तीच. धार, भाकरी, शेत, पुन्हा धार. कापूस वेचताना तिचे दोन्ही हात कोंबडी दाणे टिपते तसे चालायचे. मी एका ओळीच्या मध्यावर असायचो तेव्हा ती दुसरी ओळ धरून माझ्या समोरून परत यायची आणि म्हणायची, "का, झोप लागली काय?" मी काम कमी करायचो असं नाही. मी दारू प्यालो नाही, तिच्यावर हात उचलला नाही. काम होतं, ते दोघांनी केलं. पण ती माझ्यापेक्षा जास्त करायची, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आताही म्हणतो.

त्याशिवाय तिला एक गुण होता. तान्ही लेकरं न्हाऊ घालायचा. तो तिच्या मायकडून आला. गावात कुणाची सून बाळंत झाली की हिला बोलावणं आलंच. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यावर सारून पाय लांब करायची, आणि लेकरू नडग्यांवर पालथं घालायची. कडक पाणी. आधी तेल, मग हरभऱ्याचं पीठ आणि साय. हात-पाय ओढायचे, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, टाळू भरायची. लेकरू बोंबलून बोंबलून लाल व्हायचं आणि मग असं झोपायचं की दुपार होईपर्यंत हूं की चूं नाही. आमच्या गावातली निम्मी पोरं तिच्या नडग्यांवर पडून मोठी झाली. त्यातली काही आता सरपंचाच्या निवडणुकीला उभी राहतात. ती म्हणायची, "ह्याचं नाक मी सरळ केलं, अक्कल करता आली न्हाई."

त्या घरातून चहा मिळायचा. तो ती उभ्या उभ्या, फुंकर मारत प्यायची आणि तशीच शेताकडं पळायची. लोक तिला काही वाईट वागवत नव्हते. तिलाच बसायला वेळ नव्हता.

आम्हाला एकच लेक. पाठीवर एक झालं ते जगलं नाही. लेकीला शिकवायचं हे तिनंच ठरवलं. मी म्हणलं, दहावी झाली, बस झालं. ती म्हणली, "माझ्यावाणी ढोरामागं हिंडू द्यायची काय?" परभणीला ठेवली, शिकवली. लेक दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली, आणि जावई मिळाला तो मस्कतला लिफ्ट दुरुस्त करणारा. चांगला माणूस आहे. कमी बोलतो. मला मामा म्हणतो आणि विचारल्याशिवाय सल्ला देत नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात बाई घरातून दुसरीकडं राहायला गेली, माहेरी असो की लेकीकडं, तर ती आपल्या पायानं परत येत नाही. घरच्या माणसानं तिला आणायला जायचं. न गेलं तर तिचा मान गेला, तिला कुणी विचारीत नाही असा अर्थ. मी दर वेळी गेलो. येलदरीकडं तिचं माहेर. सासऱ्याच्या दारात उभा राहायचो, पाणी प्यायचो आणि म्हणायचो, "चल." ती पिशवी घेऊन यायची. पिशवी भरलेलीच असायची.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा ती निघाली. जन्मात सेलूच्या पुढं गेलेली नव्हती, आणि सेलूच्या टेशनावरून हैदराबादची रेल्वे धरून तिथून विमानात बसायचं. जावई न्यायला आला होता. सामानात डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशोपा, खसखस, आणि एक गाठोडं सुक्या करवंट्यांचं. मी म्हणलं, "करवंट्या कशाला?"

"धुरीला. तिकडं वाळू आन् पेट्रोल. जाळायला काय असंल, देव जाणे."

"विमानात घेत न्हाईत."

"घेत नसतील तर तुमच्या डोक्यावर देते."

घेतल्या. विमानतळावरच्या माणसानं गाठोडं सोडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि हात जोडले म्हणे.

त्या करवंट्यांनी काय केलं ते तिनंच फोनवर सांगितलं. सांगताना हसून हसून तिला ठसका लागला. नातू झाला. बाळंतीण घरी आली. हिनं लेकराला न्हाऊ घातलं, आणि रिवाजाप्रमाणे धुरी द्यायला लोखंडी कढईत करवंट्या पेटवल्या, वरून ओवा आणि शोपा टाकला. घर अकराव्या मजल्यावर, खिडक्या बंद, एसी चालू. खोलीत धूर भरला आणि छतावरचं एक यंत्र बोंबलायला लागलं. मग सगळी इमारतच बोंबलायला लागली. लोक जिन्यानं खाली पळाले. लेक ओली बाळंतीण, तिला जावयानं धरून नेलं. सगळ्यात शेवटी ही. एका हातावर पदरात गुंडाळलेलं लेकरू, दुसऱ्या हातात फडक्यानं धरलेली धुमसती कढई. खाली आगीची गाडी आलेली, टोप घातलेले जवान वर बघत आग शोधायलेत, आणि आग घेऊन ही त्यांच्या मधून चालायली.

"कढई वर ठेवून यायची ना!" मी म्हणलं.

"रिकाम्या घरात पेटता इस्तू सोडून कोण जातं? तुमी जाल?"

मीही गेलो नसतो. आमच्याकडं घरं पाचटाची असायची तेव्हापासूनची ती सवय. इस्तू एकटा सोडायचा नाही.

जावयाला तिथल्या मालकाची बोलणी खावी लागली. पण खाली उभ्या लोकांत एक अरब म्हातारी होती. काळा बुरखा, हातात चांदीचं जाड कडं. ती कढईजवळ आली, वास घेतला आणि हसायला लागली. त्यांच्यातही बाळंतिणीला धूप जाळतात, लोबानाची धुरी देतात. बाकी सगळी इमारत घाबरलेली आणि ह्या दोघी म्हाताऱ्या कढईवर वाकून एकमेकीला वास दाखवायल्या. म्हातारीला मोडकी हिंदी येत होती. हिची हिंदी कशी, तर आमच्या मुलखातली, निम्मी मराठी निम्मी दखनी. पण बोलायला ही कधी लाजली नाही. म्हातारी म्हणली, "मेरा बेटा का बेटी, छोटा, बहुत रोता." ही म्हणली, "लाव, मैं देखती."

तिथून सुरू झालं.

सव्वा महिना झाला. मी फोनवर विचारलं, कधी येतीस? "एक केरळची पोरगी अवघडलेली हाय, तिची माय यायला न्हाई. तिचं उरकते." केरळच्या पोरीचं उरकलं तर सोलापूरकडची एक निघाली. मग त्या अरब म्हातारीच्या भाचीला जुळं. तिकडं बायका बाळंत व्हायच्या थांबेनात आणि हिला परत यायला सवड होईना. पैसे ती घेत नव्हती. शेवटच्या दिवशी साडी-चोळी आणि नारळ घ्यायची, रिवाज म्हणून. अरबांना साडी कुठली मिळायची, ते अत्तर आणि खजूर द्यायचे. जावयानं तिच्या राहण्याचे कागद करून घेतले. दोन दिवाळ्या गेल्या. मी हातानं भाकरी थापायला शिकलो. म्हैस मला धार काढू द्यायची नाही म्हणून बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर टाकून बसायचो.

भाऊ म्हणला, "दादा, वहिनी तिकडं हाय ती तू आणायला गेला न्हाईस म्हणून. जाऊन आण."

मलाही तेच वाटलं. पासपोर्ट काढला, म्हैस भावाच्या दावणीला बांधली आणि गेलो.

मस्कतला उतरलो तर ऊन आमच्या मे महिन्यासारखंच. डोंगर मात्र उघडेबोडके, एक झाड नाही, जणू कोणीतरी खरवडून ठेवलेत. जावयाच्या गाडीत बसून अकराव्या मजल्यावर गेलो. लेकीनं दार उघडलं, पाया पडली आणि बोट तोंडावर धरलं. "आबा, हळू. आई झोपलीय."

दुपार होती. मी आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती कुशीवर झोपली होती, गालाखाली हात, तोंड थोडं उघडं. नाकावर चष्म्याचे वण. इतकी वर्षं संसार केला, मी तिला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. ताप आला तरी ती दिवसा भिंतीला टेकून बसायची, आडवी व्हायची नाही. मी इतक्या लांब आलो ते एक शब्द बोलायला. तो तोंडात घेऊन तिथंच उभा राहिलो. मग पलंगाशेजारी जमिनीवर बसलो. नातू येऊन माझ्या मिशा ओढून गेला.

ती जागी झाली ती दचकून. "धार..." म्हणली. मग मला पाहिलं. "अगं बया, तुमी! म्हैस कुणाकडं हाय?"

"धाकट्याकडं."

"त्याला लाथ मारंल ती."

"मारू दे."

ती हसली आणि उठून चहा ठेवायला गेली. चहा घेऊन आली आणि खुर्चीवर बसून प्यायली. मला ते लय विचित्र दिसलं. खुर्चीत मागं टेकून, सावकाश, घोट घोट.

दुसऱ्या दिवशी ती मला त्या अरब म्हातारीच्या घरी घेऊन गेली. मी पुरुषांच्या खोलीत बसलो. मला काळा कडू काढा आणि खजूर दिले. दारातून समोरची बायकांची खोली दिसत होती. पलीकडची न्हाणी दिसत नव्हती, पण तिचा आवाज येत होता. अरबाच्या लेकराला ती आमच्या बोलीत सांगत होती, "रड रे माझ्या उंटा, रड. रडला की छाती मोठी होती. नाक कुणाचं हे? बापाचं? बापाचं नको, बसकं हाय." घरच्या बायकांना एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळ्या हसत होत्या. मग लेकरू गप झालं. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा म्हातारी उठली, हिला आपल्या जागेवर बसवलं आणि हिच्या कपाळावर ओठ टेकवले. मी मान खाली घातली. आपल्याकडं असं कोणी करत नाही, आपण बघायचं कुठं हेच कळत नाही.

संध्याकाळी लेक स्वैपाकघरात होती, जावई टीव्हीपुढं. आम्ही दोघं बाहेर गॅलरीत बसलो. मी म्हणलं, "मी तुला आणायला आलोय."

"मला वाटलंच."

"मग कधी निघायचं?"

ती खाली रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत म्हणली, "तुमीच ऱ्हावा ना इथं. नातू हाय. मशीन कपडे धुतंय. तुमाला काही करायचं न्हाई."

"तेच तर. मी काही न करता बसून काय करू? अन् जमीन? म्हैस?"

"इका म्हैस."

"तुझी म्हैस हाय ती."

"माझी हाय म्हणूनच म्हणते, इका."

मला राग आला. मी म्हणलं, लोक काय बोलायलेत तुला मालूम हाय का? ती म्हणली, मालूम हाय, तुमचा भाऊ फोनवर सगळं सांगतो. मग ती माझ्याकडं वळली. "हे बघा. तुमी चल म्हणला तर मी येते. पिशवी भरते अन् येते. आजवर कधी न्हाई म्हणले का? पर या टायमाला चल म्हणू नका. मला इचारा. येतीस का, असं इचारा."

माणूस कितीही अडाणी असला तरी इतकं त्याला कळतं. चल म्हणलं असतं तर ती आली असती. सेलूला उतरलो असतो, लोकांची तोंडं बंद झाली असती, म्हैस पुन्हा तिच्या हाताखाली आली असती, आणि मी सुखानं भाकरी खाल्ली असती. विचारलं तर काय उत्तर येणार ते मला तिच्या तोंडाकडं बघूनच दिसत होतं. आत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला होता. जावई माणूस कमी बोलतो, पण ऐकतो बराबर.

मी म्हणलं, "येतीस का?"

ती म्हणली, "न्हाई."

आणि मग रडली. मी नाही रडलो. मी म्हणलं, "बेस."

उरलेले दिवस चांगले गेले. ती मला समुद्रावर घेऊन गेली, मासळी बाजार दाखवला. येलदरीच्या धरणावरच्या माशांपेक्षा ते मासे कुठल्या कुठं मोठे, पण चव नाही असं ती म्हणायची. निघायच्या दिवशी मात्र ती विमानतळावर आली नाही. एका घरी तान्हं लेकरू होतं, त्याच्या न्हाण्याची वेळ झाली होती. लिफ्टपर्यंत आली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणली, "लेकराला खोळंबून ठेवता येत न्हाई, पाणी निवतं." दार बंद झालं. तेव्हा मला राग आला होता. खरं सांगतो, अजून येतो. ती बरोबर होती आणि मला राग येतो, दोन्ही एकाच वेळी चालतं.

देवगाव फाट्याला मोटारीतून उतरलो तेव्हा भाऊ न्यायला उभा होता. त्यानं माझ्या मागं पाहिलं आणि माझी पिशवी उचलून चालायला लागला. त्याचे उपकार.

पुढं आम्ही रोज फोनवर बोललो. घरात असताना आम्ही काय बोलायचो? पाणी सुटलं का, सरकी आणली का, पोरीचा फोन आला का. फोनवर ती सांगायची की लहानपणी तिला शाळेत जायचं होतं पण धाकटी भावंडं सांभाळावी लागली. सांगायची की आमचं जगलं नाही ते लेकरू तिला अजून नडग्यांवर जाणवतं, दर नव्या लेकराच्या वेळी पहिल्या दिवशी. इतक्या वर्षांत हे एकदा बोलली नव्हती. मी ऐकायचो. कधी कधी फोन भिंतीला टेकवून ठेवायचो आणि ती मला भाकरी थापताना बघायची. "पाणी कमी, पाणी कमी," म्हणून ओरडायची.

ती गेली ती सकाळी. एका घरून न्हाऊ घालून आली, खुर्चीत बसली, लेकीला पाणी मागितलं. लेक पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं. लेकीनं रडत रडत विचारलं, "आबा, आईला तिकडं आणायचं का?" पेटीत घालून, विमानाच्या पोटात, सामानासंगं. मी म्हणलं, नको. अग्नी लेकीनंच दिला. त्या अरब म्हातारीनं स्मशानाच्या बाहेर गाडीत बसून लोबान जाळला म्हणे. अस्थी जावयानं आणल्या, त्या पूर्णेत सोडल्या. तेवढं मी मागून घेतलं.

वर्षभर हा विचार डोक्यात आहे. ती आमच्या घरची होती यात वाद नाही. तिच्या हातचं हे घर आहे, ही जमीन अर्धी तिच्या पाठीच्या कण्यावर उभी आहे. पण मी विचारलं होतं आणि तिनं उत्तर दिलं होतं. जितेपणी तिचं "न्हाई" मी ऐकलं, आणि आता ती बोलू शकत नाही म्हणून इथं पिंड मांडून तिला ये म्हणायचं? ते चल म्हणल्यासारखंच झालं.

काल भाऊ ओसरीवर आला. मी त्याला सांगितलं, वरीस मस्कतला घालायचं. मी जाणार.

तो लय चिडला. "दादा, आमच्या वहिनीचं वरीस परक्या मुलखात? भटजी मिळंल का तिथं?"

"मिळतो. जावयानं बोलून ठेवलंय."

"अन् भाऊबंद? जेवायला कोण? अरब?"

"अरब येतील, केरळचे येतील. तिनं न्हाऊ घातलेली लेकरं येतील, त्यांच्या माया येतील."

मग त्यानं शेवटचं काढलं. "ते जाऊ दे. पिंड शिवायला कावळा तरी हाय का त्या वाळवंटात?"

"हाय," मी म्हणलं. "लय हायत. आपल्याकडच्यासारखेच, करड्या मानेचे. त्या गॅलरीत येऊन बसतात, मी डोळ्यानं पाहिलेत."

त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली. मग म्हणला, "मग मला पण पासपोर्ट काढावा लागंल."

मी म्हणलं, "काढ. फोटोला टोपी काढून बसवतात, आधी डोकं भादरून घे."